ग्रूमच्या शेजारी डूम

ग्रूम या इंग्रजी शब्दाशी जुळणारे शब्द हवे होते, म्हणून यमके शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळावर तो लिहिला आणि क्षणात पडदा भरून गेला. रूम, ब्लूम, लूम, झूम, ब्रूम, परफ्यूम असे निरुपद्रवी शब्द त्यात होतेच. पण त्यांच्याच मधोमध, मांडीला मांडी लावून, डूम, ग्लूम आणि टूम हेही बसले होते. यातली टूम म्हणजे आपण काढतो ती नव्हे, थडगे. भाच्याच्या लग्नासाठी मंगलाष्टक रचायला बसलेल्या बाईसमोर विनाश, विषाद आणि थडगे अशी तिन्ही एकदम यावीत, हे काही मला बरे वाटले नाही. मी पान बंद केले, उगाचच एकदा देवघराकडे पाहिले आणि चहा ठेवायला उठले. दुधाला उकळी येईपर्यंत ओठांवर मात्र तेच चालू होते: ग्रूम, ग्लूम, डूम. कानाला ते विलक्षण गोड लागत होते, आणि त्याचीच जास्त खंत वाटत होती.

भाचा अमेरिकेत असतो, त्याने पसंत केलेली मुलगीही तिकडचीच आहे, आणि लग्न मात्र बडोद्यात, पार्टी प्लॉटवर, आमच्या सगळ्या गोतावळ्याच्या सोयीने व्हायचे आहे. फोनवर तो म्हणाला, "आत्या, सगळी मंगलाष्टकं मराठीत आणि संस्कृतात झाली, तर तिचे आईबाबा हातात अक्षता धरून नुसते उभे राहतील. एक इंग्रजीत कर ना. पण यमक जुळलेलं हवं हं, आजोबांसारखं." त्याच्या तोंडचा तो शेवटचा शब्द ऐकला नसता, तर कदाचित मी हसून विषय टाळला असता.

आजोबा म्हणजे माझे वडील. अण्णांनी आमच्या नात्यातल्या आणि दांडिया बाजारातल्या ओळखीच्या किती घरांची मंगलाष्टके रचली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पातळ गुलाबी कागदावर ती छापून येत. शाई पुरती वाळलेली नसे, आणि अक्षता व मंगलाष्टक एकाच मुठीत धरल्यामुळे तांदळांना हळदीकुंकवाबरोबर शाईचाही वास लागे. रचना व्हायची ती संध्याकाळी, झोपाळ्यावर. एक पाय जमिनीला टेकवून अण्णा झोपाळा अगदी सावकाश हलवत आणि उजव्या हाताच्या बोटांनी कडीवर लघुगुरू वाजवत. शार्दूलविक्रीडित म्हणजे एका चरणात १९ अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे क्षणभराचा विराम. 'कुर्यात् सदा मंगलम्' हे पालुपद यतीनंतरच्या सात अक्षरांत लघुगुरूंसह इतके नेमके बसते की चौथ्या चरणाची उरलेली बारा अक्षरेच काय ती रचायची राहतात. अण्णा सुरुवात शेवटापासून करत. आधी चरणान्तीचे शब्द कागदाच्या उजव्या कडेला एकाखाली एक मांडायचे आणि मग डावीकडे सरकत यायचे. मधल्या जागेत दोन्ही कुळांची नावे, आजीचे नाव, क्वचित नवऱ्या मुलाची पदवीसुद्धा बसवायची. लहानपणी मला त्या उजव्या कडेचे फार अप्रूप वाटे, कारण कविता अजून झालेली नसे आणि तिचा नाद मात्र आधीच ऐकू येई.

त्या उजव्या कडेला काय असे, ते मी आता पुन्हा पाहते आहे. येऊनी, पाहुनी, घेऊनी. आले, झाले, न्हाले. साजिरी, गोजिरी. दोन्ही घरांना, थोरांना, सर्वांना. मराठीत यमक शोधावे लागते, ते फार थोडे. क्रियापदे वाक्याच्या शेवटी येतात आणि त्यांचे प्रत्यय ठरलेले असतात. नामांना विभक्ती लागली की तीही एका सुरात बोलू लागतात. म्हणजे निम्मे यमक कवीच्या आधीच व्याकरणाने जुळवून ठेवलेले असते. अण्णांना मी यामुळे कमी लेखत नाही. प्रत्ययांच्या यमकावर कित्येक पिढ्यांची जात्यावरची गाणी उभी आहेत आणि ओवीचे पहिले तीन चरणही पुष्कळदा त्याच आधारावर जुळतात. पण या सोयीमुळे आपल्याला एक सवय लागलेली असते, आणि ती सवय इंग्रजीच्या दारात गेल्यावर कळते. आपले जुळणारे शब्द बहुधा एकाच कामाचे असतात. आले आणि झाले यांचे कधी भांडण होत नाही, कारण दोघांनाही वाक्यात तेच काम करायचे असते.

इंग्रजीने आपले बहुतेक प्रत्यय केव्हाच गमावले. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्त्या होत्या, क्रियापदांची रूपे भरघोस होती, आणि गंमत म्हणजे तेव्हा तिच्या काव्याला अंत्ययमकाची गरजच नव्हती. शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते काव्य चाले. १०६६ नंतर फ्रेंच राज्यकर्ते आले, फ्रेंच आणि लॅटिन पद्यातले अंत्ययमक इंग्रजीत रुजले, आणि साधारण त्याच शतकांत प्रत्ययही झडत गेले. जुळणी करण्याची हौस आली तेव्हा जुळणीची सोय निघून गेली, असे काहीसे झाले. उरले ते आखूड, एका ठोक्यात संपणारे शब्द, आणि त्यांच्यातले साम्य निव्वळ ध्वनीचे. वाड्यात बिऱ्हाडे यावीत तसे ते एकमेकांच्या शेजारी आलेले आहेत: नाते नाही, गोत नाही, फक्त भिंत सामाईक. त्यामुळे लग्नाच्या गोष्टी करायला निघाले की पलीकडच्या खोलीतले काहीबाही ऐकू येते. वाइफच्या एका बाजूला लाइफ आहे, पण दुसऱ्या बाजूला स्ट्राइफ आणि नाइफ आहेत. मदरशी ब्रदर जुळतो आणि गुदमरवून टाकणारा स्मदरही जुळतो. डॉटरच्या दाराशी वॉटर आहे आणि त्याला लागूनच स्लॉटर, म्हणजे कत्तल. जन्मोजन्मीच्या गाठीसाठी फॉरएव्हर घ्यावा, तर नेव्हर आणि तोडून टाकणारा सेव्हर त्याच्या मागोमाग आत येतात.

हसबंडला तर धड यमकच मिळत नाही.

महिना या अर्थाचा मंथ, ऑरेंज आणि सिल्व्हर हे बिनयमकी शब्द म्हणून प्रसिद्धच आहेत. ऑरेंजसाठी लोक वेल्समधल्या ब्लोरेंज नावाच्या एका डोंगरापर्यंत जातात. पण नवऱ्याचीही गणना त्यांच्यातच करावी लागेल, हे मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या लव्ह या शब्दाची स्थिती फार दयनीय आहे. डव्ह, ग्लव्ह, अबव्ह, शव्ह आणि ऑफचा भाऊ शोभणारा तो चिमुकला अव्ह. पारवा, हातमोजा, वर, धक्का, चा-ची-चे. जगातल्या इतक्या प्रेमकविता या पाच खुंट्यांना टांगल्या गेल्या, म्हणून तर इंग्रजी प्रेमगीतांतल्या आकाशात एवढे पारवे उडत असावेत. आपल्या प्रीतीला रीती आहे, नीती आहे, भीतीसुद्धा आहे; निदान निवड करायला वाव आहे.

कागदावर पाहिले तर लव्हला मूव्ह आणि प्रूव्ह हेही जुळतात, कारण शेवटची अक्षरे तीच. आम्ही इंग्रजी शिकलो ते कागदावरूनच. देवनागरीवर वाढलेल्या माणसाचा डोळा आणि कान यांच्यात फारसे मतभेद नसतात. जे एकसारखे लिहिले आहे ते एकसारखे ऐकू येणार, यावर त्याचा ठाम विश्वास असतो. इंग्रजी या विश्वासाची वाट लावते. ओ, एम, बी या अक्षरांनी संपणारे चार शब्द घ्या: बॉम्ब, कंगवा, थडगे आणि गर्भाशय. उच्चार होतात बॉम, कोम, टूम आणि वूम. म्हणजे यांपैकी शेवटचे दोनच खऱ्या अर्थाने जुळतात, आणि जुळतात तेही कोणते, तर जन्माचे आणि मरणाचे स्थान. याला जबाबदार इतिहास आहे. इंग्लंडमध्ये छपाई १४७६ साली सुरू झाली आणि शब्दांची लेखी रूपे हळूहळू घट्ट होऊ लागली. पण साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकत होते. लिपी थांबली, जीभ चालत राहिली. शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी ११६ वे सुनीत इंग्रजी लग्नांत आजही आवडीने वाचतात. १६०९ साली छापलेल्या त्या सुनीताच्या शेवटच्या दोन ओळी प्रूव्ह्ड आणि लव्ह्ड या यमकावर संपतात. त्या काळच्या उच्चारात ते जुळत असे, असे उच्चारांचे अभ्यासक सांगतात. आज मात्र लग्नमंडपात उभा असलेला वाचक ते यमक फक्त डोळ्यांनी पाळतो.

यमकांचा कोश करणाऱ्यांनाही हा घोळ निस्तरावा लागला. जॉन वॉकर हा मुळातला नट, पुढे उच्चारशास्त्राचा शिक्षक झाला. त्याने १७७५ मध्ये जो कोश काढला, त्यात शब्द शेवटच्या अक्षरापासून उलट क्रमाने लावले होते. अण्णांची उजवी कडच जणू, पण साऱ्या भाषेची! अशा क्रमात बॉम, कोम, टूम आणि वूम एकाखाली एक येणार हे उघड आहे. म्हणून पूर्ण यमके कोणती आणि नुसती चालवून घेण्याजोगी कोणती, यांची वेगळी सूची त्या कोशाला जोडावी लागली. आजची साधने बहुधा लिपीकडे पाहतच नाहीत. त्यांतल्या अनेकांच्या पोटात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश असतो: १,३४,००० पेक्षा जास्त शब्द, प्रत्येकाचा उत्तर अमेरिकी उच्चार ३९ ध्वनिचिन्हांत मांडलेला, आणि प्रत्येक स्वरापुढे आघाताचा आकडा. शेवटचा आघात शोधायचा, तिथपासून पुढचे सारे ध्वनी ज्यांचे सारखे असतील ते शब्द गोळा करायचे, की झाले. इंग्रजी यमकाचा नियमही हाच आहे. ब्लेसिंगचा आघात पहिल्या अक्षरावर असल्यामुळे त्याला नुसते 'इंग' जुळून भागत नाही. ड्रेसिंग, प्रेसिंग किंवा गेसिंगच हवे. शिवाय आघाताच्या आधीचे व्यंजन वेगळे असावे लागते. उच्चार तोच आणि अर्थ निराळा अशी जोडी इंग्रजी कानाला यमक न वाटता पुनरुक्ती वाटते. मोरोपंत तिकडे जन्मले असते, तर त्यांच्या निम्म्या आर्या परीक्षकांनी परत पाठवल्या असत्या.

या यंत्राचा कान अमेरिकन आहे, हे मला फादर हा शब्द लिहिल्यावर उमगले. उत्तरात बॉदर आला. बॉदर म्हणजे कटकट. माझ्या कानाला आ आणि ऑ हे दोन स्पष्ट निराळे स्वर आहेत, आणि शाळेत आम्हाला शिकवलेल्या ब्रिटिश वळणाच्या उच्चारातही ते निराळेच. पण बहुतेक अमेरिकन लोकांच्या तोंडी ते एक झाले आहेत. तिकडे बाप आणि कटकट हे बिनचूक यमक आहे. उलट, डॉटरला क्वॉर्टर हे सभ्य यमक ब्रिटिश तोंडाने दिले असते, कारण तिथे मधला र गिळून टाकतात. अमेरिकन तोंडाने तेही काढून घेतले. आता मंडपात म्हणणार आमच्या बडोद्याच्या मावश्या आणि ऐकणार अमेरिकेतले व्याही, तेव्हा कोणाचा कान प्रमाण मानायचा? त्यात आमच्या शेजारच्या गुजराती काकी ऑ हा स्वर जाणतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने लग्न 'मेरेज होल'मध्ये असते आणि शिक्षण 'कोलेज'मध्ये. त्यांच्या इंग्रजीसाठी यमककोश केला, तर त्यात हॉल आणि सोल गुण्यागोविंदाने नांदतील, आणि माझ्या मते त्यात चुकीचे काहीच नाही. यमक ज्याच्या त्याच्या जिभेवर जुळते. फक्त आमच्या मंडपात त्या दिवशी तीन जिभा जमायच्या आहेत.

यमकच सोडून द्यावे, असे मनात येऊन गेले. मिल्टनने आपल्या महाकाव्याच्या आरंभी टिपण जोडून यमक हा रानटी युगाचा शोध असल्याचे ठणकावले होते. त्याच्या पदराखाली लपता आले असते. पण भाच्याची अट होती, आणि खरे सांगायचे तर बिनयमकाचे मंगलाष्टक आमच्या मावश्यांनी म्हटलेच नसते. त्या शेवटच्या अक्षरावर आवाज लांबवतात; तिथे मागच्या ओळीचा प्रतिध्वनी भेटला नाही, की त्यांना पायरी चुकल्यासारखे होते.

मग एका दुपारी मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ज्या ग्रंथालय व्यवस्थेचा पाया घातला, तिचे हे मुख्य घर. लोखंडी मांडण्या, पायाखाली जाड काचेची जमीन आणि जुन्या पुठ्ठ्यांचा तो कोरडा, किंचित गोडसर वास. मला छंदांवर काहीतरी चाळायचे होते आणि ओघानेच माधव जूलियनांची आठवण झाली. १८९४ साली याच बडोद्यात जन्मलेला हा माणूस फारसीचा पंडित होता, त्याने मराठीत गज्जल आणली आणि 'छंदोरचना'सारखा ग्रंथ लिहिला. अक्षरांचे वजन मोजत बसणाऱ्या लोकांचा हा गाव जुनाच आहे, याचे मला तेवढ्यापुरते बरे वाटले. गज्जलेत ओळीच्या अखेरीस न बदलणारा रदीफ असतो आणि त्याच्या अलीकडे बदलता काफिया. आमचे 'कुर्यात् सदा मंगलम्' दुसरे काय करते? कडवे कुठल्याही वाटेने येवो, शेवटचे पाऊल मंगलम् वरच पडते. म्हणजे माझ्या इंग्रजी कडव्यालाही तेच पालुपद ठेवता येईल, आणि पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस व चौथ्यात पालुपदाच्या अलीकडे असे एकाच घराण्यातले चार शब्द पुरतील.

ते घराणे ब्राइडचे निघाले. साइड, वाइड, प्राइड, गाइड, अबाइड. लग्नाच्या सगळ्या शब्दांत वधूचाच शब्द असा भरल्या घरचा असावा, याची मला गंमत वाटली आणि कारणही लगेच लक्षात आले. टाय, ट्राय, क्राय या क्रियापदांचा भूतकाळ इथे येऊन मिळतो: टाइड, ट्राइड, क्राइड. एवढ्या एका ठिकाणी इंग्रजीलाही आपल्यासारखा प्रत्यय मदतीला येतो. अण्णांना ही यादी ओळखीची वाटली असती. अर्थात त्याच रांगेत डाइडही उभा असतो, पण एवढ्या मोठ्या घरात एखादे दार बंद ठेवता येते. ग्रूमच्या खोलीत तशी सोय नाही. दुसरा फायदा वृत्ताचा झाला. इंग्रजी पद्य आघात मोजते आणि आपले वृत्त लघुगुरू मोजते, त्यामुळे चालीवर म्हणताना इंग्रजी शब्दांचे हाल होतात. ब्लेसिंगमधला दुबळा 'सिंग' वृत्तात गुरू ठरतो आणि मावशी तो ताणून म्हणू लागली, की आशीर्वादाचे गाणे होऊन बसते. ब्राइड, साइड, गाइड हे मात्र एकाच ठोक्याचे, आघातही तिथेच आणि गुरूही तिथेच. दोन्ही हिशेबांत त्यांची बाकी सारखी निघते.

कच्चा खर्डा भाच्याने तिकडे पाठवला. सोबत, त्याच्या सवयीने, आत्या कोणकोणत्या शब्दांना घाबरली तेही मीठमसाला लावून कळवले. मुलीच्या वडिलांनी उलट निरोप धाडला, की बॉदर वगळायचे काही कारण नाही. त्यांच्या घरी हे यमक मुली लहानपणापासून त्यांना ऐकवत आलेल्या आहेत, आणि ते मंगलाष्टकात आले तर त्यांना आनंदच होईल. मी तो निरोप दोनदा वाचला. त्यांच्यासाठी हे शब्द नुसते जुळणारे ध्वनी आहेत. लग्नाच्या दिवशी अमुक उच्चारू नये, दिवा विझला न म्हणता वाढवला म्हणावे, हा जो पहारा आमच्या जिभेवर असतो, तो त्यांच्या जिभेवर नाही. मला त्याचा थोडा हेवा वाटला आणि थोडे परकेही वाटले. तरीही बॉदरसाठी त्यांच्या नावाने दोन ओळींचा एक वेगळा तुकडा मी करून दिला आहे; तो मंगलाष्टकांत न म्हणता जेवणाच्या पंगतीत उखाण्यांबरोबर म्हणायचा, असे ठरले आहे. तिथे बापाला कटकट म्हटलेले आमच्याकडेही चालते.

मूळ कडव्यात आता एका जागेचाच प्रश्न राहिला होता. नवरदेवाचा उल्लेख केल्याशिवाय मंगलाष्टक पुरे होत नाही, आणि व्याह्यांच्या मनमोकळेपणाने कितीही धीर दिला तरी डूम आणि ग्लूम यांची सावली मी अंतरपाटापाशी येऊ देणार नाही. यमकाची जबाबदारी फक्त शेवटच्या शब्दावर असते. म्हणून ग्रूम मी दुसऱ्या चरणात यतीच्या बराच अलीकडे, सहाव्या अक्षरावर बसवला आहे. तिथे त्याला कोणाशीही जुळावे लागत नाही.